मैदान, कागद आणि घर : शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकाचं वर्ष कसं जातं?

मध्यरेषा

यंदा एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी), नेट झालेली बरीच मुलंमुली कॉलेजांत 'शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक' म्हणून रुजू होतील. बहुतेकांचं लग्न नुकतंच झालेलं किंवा ठरलेलं असतं. या पदाबद्दल बाहेर एवढीच समजूत आहे की गळ्यात शिटी, पायात बूट आणि दुपारी मोकळा वेळ. खरं काम मात्र पहाटे साडेपाचला सुरू होतं. सकाळचा सराव आठपर्यंत, साडेदहाला कॉलेज, चारला परत मैदान, आणि दिवेलागणीनंतर उद्याच्या संघाचे ओळखपत्र-फोटो-अर्ज. माझं ठाम मत आहे की मैदानावर जीव ओतणारा माणूस घरही तितक्याच निष्ठेनं सांभाळू शकतो, पण आधी कामाची नीट माहिती हवी. जाणकारांनी नेमकं लिहावं: वर्षाचं चक्र कसं असतं, मैदान कसं आखायचं, कागद कुठे अडतात, आणि घरासाठी वेळ कुठून काढायचा.

शिटी_आणि_शिस्त

वर्षाचं चक्र सांगतो. जून-जुलैत प्रवेश, खेळाडूंची नोंदणी, निवड चाचण्या. ऑगस्टपासून पात्रता अर्ज. २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय क्रीडा दिन. सप्टेंबर ते नोव्हेंबर आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविभागीय स्पर्धा. नोव्हेंबर ते जानेवारी विद्यापीठाचे संघ आंतरविद्यापीठ स्पर्धांना बाहेर पडतात. त्यातच महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव. जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धा आणि बक्षीस समारंभ. मार्च म्हणजे बिलं. एप्रिल-मे साहित्याची मोजदाद, निर्लेखन (निकामी साहित्य नोंदीतून काढणं), मैदानाची डागडुजी.

आता कॅलेंडर समोर धरा. गणपती, नवरात्र, दिवाळी हे सगळं नेमकं हंगामाच्या पोटात येतं. घरातला पहिला खटका तिथेच उडतो.

लालमाती

मैदानापासून सुरुवात करू. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, दोन्ही बाजूंची १-१ मीटरची राखीव पट्टी त्यातच धरून. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाई करणाऱ्यानं ओलांडायचीच ती) ३.७५ मीटरवर, तिथून १ मीटरवर बोनस रेषा, उरतात १.७५. बेरीज साडेसहा आली पाहिजे. महिलांचं १२ बाय ८, निदान रेषा ३ मीटरवर, बोनस ४ वर.

चार कोपऱ्यांना खिळे ठोकले की फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) मारायची घाई नको, आधी कर्ण मोजा. १३ बाय १० ला कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर, १२ बाय ८ ला १४ मीटर ४२. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत तर मैदान तिरकं आहे. सामना सुरू असताना खेळाडूचा पाय आत की बाहेर यावर वाद होतो, तेव्हा त्याचं मूळ बऱ्याचदा सकाळच्या या आळसात असतं.

पाणी आदल्या संध्याकाळी मारायचं, रोलर सकाळी फिरवायचा. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा, पण तळहाताला चिकटू नये. चिकटली तर रोलर माती उचलून नेतो आणि मैदानाला पोपडे येतात.

फक्कीवाला

@लालमाती यांच्या माहितीत भर. फक्कीऐवजी कळीचा चुना वापरू नका. घाम आणि पाण्याशी संबंध आला की तो कातडी भाजतो, आणि डोळ्यात गेला तर प्रकरण गंभीर होतं. खडूसारखी कोरडी फक्कीच घ्या. रेषा ओढायला सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची ताणली की लांबते. खुणा टेपने घ्याव्यात, दोरी फक्त रेघेपुरती. टेप शक्यतो स्टीलचा, ५० मीटरचा.

खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर. खांब रंधा मारलेला, गुळगुळीत हवा. कूस निघालेल्या खांबाला वळसा घालताना तळवा फाटतो.

पळता_भुई

बऱ्याच कॉलेजांकडे ४०० मीटरच्या ट्रॅकएवढी जागा नसते, २०० चाच आखावा लागतो. त्याचं गणित देतो, उतरवून ठेवा.

आतल्या रेषेची त्रिज्या १८ मीटर घ्या. धावण्याची रेषा त्याच्या २० सेंटिमीटर बाहेर धरतात, म्हणजे १८.२०. दोन्ही वळणं मिळून ११४.३५ मीटर. उरले ८५.६५, म्हणून प्रत्येक सरळ बाजू ४२.८२ मीटर. १.२२ मीटरच्या सहा लेन धरल्या तर जागा साधारण ९४ बाय ५१ मीटर लागते, शिवाय बाहेर मोकळी जागा. आधी ४२.८२ बाय ३६ चा आयत आखायचा, कर्ण ५५.९४. मग दोन्ही ३६ मीटरच्या बाजूंचे मध्य काढून तिथे खुंटी ठोकून अर्धवर्तुळं.

दुसऱ्या लेनची आघाडी (बाहेरच्या लेनचा धावपटू सुरुवातीला जितका पुढे उभा करायचा ते अंतर) ७.०४ मीटर, पुढे प्रत्येकी ७.६७ वाढवत जायचं.

कंपासपेटी

@पळता_भुई, शेवटची ओळ दुरुस्त करा. ७.०४ हा आकडा आतल्या बाजूला उंच कडा असलेल्या ट्रॅकचा आहे. तिथे पहिली लेन कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या २० वर, म्हणून पहिला फरक कमी येतो. फक्कीने आखलेल्या ट्रॅकला कडा नसते. सगळ्या लेन २० वरच मोजायच्या. त्यामुळे एका फेरीला दुसऱ्या लेनची आघाडी ७.६७, तिसरीची १५.३३, चौथीची २३.००, पाचवीची ३०.६६, सहावीची ३८.३३. दोन्ही फेऱ्या लेनमधूनच धावायच्या असतील तर हे आकडे दुप्पट.

आणखी एक. ही आघाडी त्या त्या लेनच्या वळणावरून मोजायची, सरळ टेप धरून नाही. दुसऱ्या लेनला सरळ टेप धरला तर चूक पाचेक सेंटिमीटरची. सहाव्या लेनला तीच चूक साडेपाच मीटरहून जास्त होते, आणि तो धावपटू फुकट जिंकतो.

पळता_भुई

@कंपासपेटी, बरोबर. कडेचा आकडा बिनकडेच्या ट्रॅकला लावला गेला. वाचणाऱ्यांनी दुरुस्त आकडेच घ्यावेत.

गोळा_थाळी_भाला

फेकीचे सेक्टर (गोळा, थाळी, भाला ज्या कोनाच्या आत पडायला हवा ती जागा) आखायला कोनमापक लागत नाही. गोळा आणि थाळीचा कोन ३४.९२ अंश. वर्तुळाच्या मध्यापासून दोन्ही रेषा १० मीटर नेल्या की त्यांच्या टोकांमधलं अंतर बरोबर ६ मीटर. भाल्याचा २८.९६ अंश, तिथे २० मीटरवर १० मीटर. गोळ्याचं वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं, थाळीचं अडीच मीटर. पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, महिलांचा ४ किलो. स्पर्धेआधी वजन करून घ्या, गंजून झिजलेला गोळा कमी भरतो.

सेक्टरच्या आत माणूस उभा करू नका, फोटो काढणारासुद्धा नाही. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू आदल्या दिवशी फावड्याने उलटून, चाळून, ओलसर करून ठेवायची. कोरड्या वाळूत पायाची खूण ढासळते आणि माप चुकतं, घट्ट बसलेल्या वाळूत घोटा जातो.

सुगरण_सिन्नरची

मापं उत्तम, पण या घरातले कपडे धुणारं माणूसही इथे वाचतंय. फक्की लागलेले कपडे आधी कोरडेच बाहेर झटकायचे, मग भिजवायचे. तसेच भिजवले तर पांढरा लगदा शिवणीत बसतो. लाल मातीचे डाग गरम पाण्यात टाकायचे नाहीत, पक्के होतात. थंड पाणी आणि साबण, अर्धा तास. मैदानाचे बूट दाराबाहेर, घरात वेगळ्या चपला.

डेडस्टॉक

आता कागद. इथे चांगल्या चांगल्यांची दमछाक होते.

बाद पद्धतीच्या स्पर्धेचं फिक्स्चर (सामन्यांचा आराखडा) घ्या. ११ संघ आले तर पुढची दोनाची घातसंख्या १६, म्हणून ५ बाय (पहिली फेरी न खेळता पुढची चाल). वरच्या अर्ध्यात ६ संघ, खालच्या अर्ध्यात ५. पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरा खालच्यातल्या पहिल्याला, चौथा वरच्यातल्या शेवटच्याला, पाचवा परत खाली, शेवटून दुसऱ्याला. पहिल्या फेरीत ३ सामने, एकूण १०. गतविजेता आणि उपविजेता दोन वेगळ्या अर्ध्यांत. चिठ्ठ्या सगळ्या संघ व्यवस्थापकांसमोर काढा आणि त्याच कागदावर सह्या घ्या. नंतरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पात्रता अर्जात अडतं ते असं: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव वेगळं, जन्मतारीख जुळत नाही, फोटोवर प्राचार्यांचा शिक्का अर्धाच, मध्ये एक वर्ष खंड पडलाय पण त्याचा दाखला नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयोगट १७ ते २५. तारखेच्या आदल्या रात्री अर्ज भरायला बसलात तर यातलं एक तरी निघतंच.

सह्याद्रीचा_वारा

@डेडस्टॉक यांनी नोंदींवर आणखी लिहायला हवं होतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयात होते. मुलगा खेळतो विसाव्या वर्षी, पडताळणीला उभा राहतो पंचविसाव्या वर्षी. तेव्हा संघाची यादी, गुणपत्रक, निवडीचं पत्र लागतं. ते कॉलेजच्या कपाटात नसेल तर मैदानावर गाळलेला घाम कागदावर शून्य. प्रत्येक स्पर्धेची एक फाइल, त्यात निमंत्रण, यादी, निकालाची सही-शिक्क्याची प्रत. स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. यासारखी दुसरी सेवा खेळाडूसाठी नाही.

डेडस्टॉक

@सह्याद्रीचा_वारा, शंभर टक्के. पैशाचंही लिहितो, कारण ते थेट घरात शिरतं. संघ बाहेर नेताना अग्रिम घेऊनच निघा. खिशातून घालून नंतर बिल टाकू, असं म्हटलं की घरचा हप्ता अडकतो. टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) दिल्याबरोबर प्रत्येक खेळाडूची सही, राहिलेली सही नंतर मिळत नाही. पाच हजारांवरच्या पावतीला १ रुपयाचं महसुली तिकीट. थर्मल कागदावरची तिकिटं आणि बिलं काही महिन्यांत कोरी होतात, त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ प्रतीमागे जोडा. ३१ मार्चच्या आत हिशेब बंद.

पारावरचा_आप्पा

या पेशाची परंपराही नव्या मुलांना ठाऊक हवी. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखवले. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ. ग्वाल्हेरची शारीरिक शिक्षण संस्था १९५७ ची.

आणि खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, आणि कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कांस्यपदक घेऊन आला. शिक्षक असा असावा.

ओवी_मराठवाडा

आप्पा, खर्डेकरांपुढे नतमस्तक. पण नव्या मुलांपुढे घर गहाण ठेवणं हा नियम म्हणून ठेवू नका. त्या वेळी व्यवस्थाच नव्हती. आज जिमखाना निधी आहे, विद्यापीठाचा प्रवासभत्ता आहे, विद्यार्थी अपघात विमा असेल तर तोही आहे. त्या निधीसाठी वेळेवर अर्ज करणं हीच आजची निष्ठा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याचं कौतुक सभेत होतं, पण भाकऱ्यांचं पीठ घरातून गेलेलं असतं.

पारावरचा_आप्पा

मान्य, ओवीताई. पिठाचा विचार मी केला नव्हता.

दोन_हजार_विद्यार्थी

मला वेगळा मुद्दा मांडायचाय. सगळी चर्चा संघांची चाललीय. दोन हजारांच्या कॉलेजात संघांत असतात साठ-सत्तर मुलं. बाकीच्यांचं काय? नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला शारीरिक शिक्षण, योग यांचे २ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) अभ्यासक्रम आलेत. आता वर्ग घ्यावाच लागतो, हजेरी आणि मूल्यमापनासह. ज्याला पळताना धाप लागते त्या मुलाला घडवणं हे पदकाइतकंच मोठं काम आहे.

अमेरिकन डॉक्टर कूपर यांची १९६८ ची १२ मिनिटांची चाचणी घ्या: १२ मिनिटांत किती मीटर अंतर कापलं ते मोजायचं. २०० मीटरच्या ट्रॅकवर दर २० मीटरला झेंडी लावली की चाळीस जणांची चाचणी एका तासात होते. निम्मे धावतात, निम्मे जोडीदाराच्या फेऱ्या मोजतात. जेवल्यावर दोन तास घ्यायची नाही. ताप, दमा, छातीत दुखणं विचारून मगच. वर्षात दोनदा घ्या, जुलैत आणि फेब्रुवारीत, आणि मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी करा.

शिटी_आणि_शिस्त

@दोन_हजार_विद्यार्थी, मुद्दा पटतो. पण संध्याकाळी चार ते सहा या वेळेत एक माणूस संघ आणि वर्ग दोन्ही घेऊ शकत नाही. वर्ग सकाळी बसवावे लागतील, आणि सकाळी मुलींना गावाहून एसटी मिळत नाही. वेळापत्रक समितीशी जूनमध्येच बोलून दुपारचा एक तास मागून घ्यावा, सभागृहात योग आणि सिद्धान्त त्या तासात.

जाता जाता, नेमणुकीलाच या पदाची शारीरिक चाचणी असते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलेला ८ मिनिटांत १००० मीटर. पुढे वयाप्रमाणे अंतर कमी होतं. नेमणुकीनंतरही तेवढं पळता यायला हवं.

बर्फाची_पिशवी

दुखापतीचं कुणी लिहिलं नाही. घोटा मुरगळला की स्प्रे मारून परत उतरवणं ही सगळ्यात वाईट सवय. दुखणं बधिर होतं, फाटलेलं तसंच राहतं. खेळ थांबवा, कापडात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. क्रेप बँडेज पायाच्या बोटांकडून वर, बोटं निळी पडली तर सैल करा. पाय उशीवर. पहिले दोन दिवस चोळणं, मालीश, गरम शेक बंद. पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे.

ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने टाकायचं नाही.

पालकांचे फोन नंबर संघ व्यवस्थापकाच्या खिशातल्या कागदावर असावेत. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. मुलींच्या संघाबरोबर महिला शिक्षिका असायलाच हवी, तिचं नाव संघाच्या यादीबरोबरच ठरवा.

मध्यरेषा

एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. पण मूळ प्रश्नाचा एक भाग राहिलाय. घर?

सुगरण_सिन्नरची

घराचंही फिक्स्चर काढायचं. विद्यापीठाचं क्रीडा वेळापत्रक आलं की त्याच संध्याकाळी ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर उतरवा. कुठल्या तारखांना गावात नाही ते लाल शाईने. मग घरचे ठरवतील गौरी जेवायला कुणाला बोलवायचं आणि भाऊबीज कुठल्या दिवशी. ऐनवेळी 'उद्या संघ घेऊन निघायचंय' हे वाक्य घरात येता कामा नये.

आईवडिलांच्या तपासण्या, मुलांचे दात, घराची रंगरंगोटी हे सगळं एप्रिल-मेमध्ये. दुपारी एक ते तीन हा वेळ हंगामातही मोकळा मिळू शकतो. घर जवळ असेल तर जेवायला घरीच, आणि अर्धा तास झोप. पहाटे साडेचारला उठणाऱ्यानं ती टाळली की संध्याकाळी त्याचा आवाज मुलांवर चढतो.

लालमाती

बायकामुलांना मैदानावर आणलं की निम्मा प्रश्न सुटतो. मुलं तिथेच वाढतात, खेळाडू घरी जेवायला येतात, सगळं एकच कुटुंब होतं.

ओवी_मराठवाडा

लालमाती, मुलं मैदानावर यावीत, जरूर यावीत. पण बायको म्हणजे जिमखान्याची बिनपगारी शिपाई नाही. बारा खेळाडू जेवायला येणार असतील तर ते दोन दिवस आधी विचारून, आणि भाजी निवडायला प्राध्यापक स्वतः. शिवाय ती स्वतः नोकरी करत असेल तर हंगामात तिच्या वाट्याचं वाढतं, मग मार्चनंतर सकाळचा डबा, मुलांची शाळा त्याच्याकडे. हे बोलून ठरवावं लागतं, आपोआप होत नाही. आणि क्रीडा संचालक बाई असतील तर हेच सगळं उलट्या बाजूने, तिथे तर घरच्यांनी आधीच कंबर कसायला हवी.

सुगरण_सिन्नरची

ओवीताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. खेळाडूंसाठी सोपं आणि पोटभर: मटकी सकाळी भिजवली की रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी सकाळी मोड. बारा जणांना पाऊण किलो कोरडी मटकी पुरते. सोबत शेंगदाणे-गूळ, केळी. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात पोटात गेलं पाहिजे.

लालमाती

विचारून ठरवावं हे कबूल. मटकी निवडायचं काम प्राध्यापकाकडे, लिहून घेतलं.

सह्याद्रीचा_वारा

घराच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पहिल्या पगारापासून एनपीएसचं (राष्ट्रीय पेन्शन योजनेचं) खातं, नॉमिनीचं नाव आणि कपातीच्या नोंदी तपासत जा. लग्नानंतर नॉमिनी बदलायचा राहून जातो.

मध्यरेषा

शेवटचा प्रश्न. रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी नव्या माणसानं काय करावं?

डेडस्टॉक

चार्ज मोजून घ्यावा. डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ साहित्याची नोंदवही) उघडायचं आणि एकेक नोंद हातात वस्तू धरून ताडून बघायची. मॅटचे तुकडे मोजायचे, भाले, गोळे, उंच उडीचे स्टँड, बारबेलच्या प्लेट वजनासह. चेंडू, शटल, फक्की हे खपाऊ साहित्य, त्याचं रजिस्टर वेगळं. जे सापडत नाही किंवा मोडलंय त्याची यादी त्याच दिवशी करून मागच्या माणसाची आणि प्राचार्यांची सही. ती मिळेपर्यंत चार्ज घेतल्याच्या कागदावर सही करायची नाही. या कामाला दोन दिवस लागतात, ते मागून घ्या.

फक्कीवाला

आणि मैदानावर एक फेरी अनवाणी. खडे, काचा, वर आलेले जुने खिळे पायाला लगेच कळतात.

सुगरण_सिन्नरची

अनवाणी चालायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघून घ्या. दहा वर्षं उलटली असतील तर आधी दवाखाना.